राबता तुटतो तेव्हा

इंटरनेटच्या इतिहासातला पहिला निरोप अर्धवटच गेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा एक विद्यार्थी संगणकापुढे बसला होता. शेकडो किलोमीटर दूर स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत दुसरा संगणक होता, आणि तिथं बसलेला बिल डुव्हॉल टेलिफोन कानाला लावून होता. क्लाइनला ‘लॉगिन’ हा पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द पाठवायचा होता. त्यानं ‘एल’ दाबलं. पोचलं. ‘ओ’ दाबलं. तेही पोचलं. ‘जी’ दाबलं, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं दुरुस्ती झाली आणि पुन्हा प्रयत्न केला तेव्हा कुठं तो शब्द पुरता पोचला.

म्हणजे जोडणी आणि तुटणी या जुळ्या बहिणी आहेत. एकीच्या पाठोपाठ दुसरी जन्मली. इंटरनेटचा इतिहास सांगताना आपण नेहमी जोडणीचं कौतुक करतो. कोणत्या साली कोणतं शहर जोडलं गेलं, किती लोक जोडले गेले, वगैरे. मला आज दुसऱ्या बहिणीची गोष्ट सांगायची आहे. तुटलेलं पुन्हा जोडणाऱ्यांची.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. यंत्राचं शिक्षण मला नाही. माझा धंदा शब्दांचा. त्यामुळं या विषयाकडे मी वळलो तोही एका शब्दाच्या वाटेनं. तो शब्द म्हणजे ‘राबता’. आमच्या घरात उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच पाटावर जेवतात. उर्दूत ‘राब्ता’ म्हणजे संबंध, संपर्क. मूळ अरबी धातू बांधण्याचा. मराठीत मात्र ‘राबता’ म्हणजे येणं-जाणं, वर्दळ. ‘त्यांच्याकडे माणसांचा मोठा राबता असतो,’ असं आपण म्हणतो. उर्दूला दोरी दिसली आणि मराठीला त्या दोरीवरून चालणारी पावलं दिसली. इंटरनेट समजून घ्यायला हे दोन अर्थ पुरेसे आहेत. दोरी शाबूत असूनही पावलं थांबू शकतात. दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्यांदा हेच शोधावं लागतं, की तुटली ती दोरी की थांबला तो राबता?

या शोधाची रीत संगणकापेक्षा फार जुनी आहे, आणि तिचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध आहे. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं अवाढव्य जहाज मुंबईहून निघालं आणि एडनच्या दिशेनं समुद्राच्या तळाशी तारेची केबल सोडत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये एडन, सुवेझ, माल्टा, जिब्राल्टर असे टप्पे जुळून मुंबई आणि लंडन यांच्यात समुद्राखालून तारायंत्र सुरू झालं. बोटीनं आठवडे घेणारी बातमी त्याच दिवशी पोचू लागली. पण समुद्राखालची तार कधी खडकावर घासे, कधी नांगरात अडके. मग शेकडो मैलांच्या अंधाऱ्या तळात तुटलेली जागा शोधायची कशी?

त्या काळच्या लोकांनी यावर साधा तोडगा काढला होता. तारेतून वीज जाताना जो अडथळा होतो, तो तारेच्या लांबीबरोबर वाढतो. एका मैलाला किती अडथळा, हे आधीच मोजलेलं असे. तार तुटली की किनाऱ्यावरचा माणूस तिच्यातून वीज सोडी, अडथळा मोजी आणि गणित मांडून सांगे, की बिघाड इतक्या मैलांवर आहे. मग जहाज तिथं जाई, गळ टाकी, केबल वर ओढी आणि जोडी. सगळा समुद्र धुंडाळायचा नाही. कुठपर्यंत सगळं नीट आहे ते आधी ठरवायचं. त्याच्या पुढच्या पावलावर बिघाड सापडतो.

आता हीच रीत घरातल्या संगणकाला लावून पाहा. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘पिंग’. पाणबुडीतलं सोनार यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतं. त्या आवाजावरून हे नाव आलं. आपण एखाद्या संगणकाला पिंग करतो म्हणजे अंधारात हाक मारतो. पलीकडून ओ आली, तर तिथपर्यंतची वाट शाबूत. १९८७ च्या सुमारास व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ लिहिला. त्यात वाटेवरचा एकेक मुक्काम आपलं नाव सांगतो. हे दोन्ही प्रोग्रॅम विंडोज एक्सपीसारख्या जुन्या विंडोजमध्येही असतात. त्यांना कोणी हात लावत नाही, एवढंच.

हाका मारायचा क्रम मात्र जवळून लांब असा हवा. पहिली हाक स्वतःलाच. १२७.०.०.१ हा आकडा म्हणजे प्रत्येक संगणकाचा ‘मी’. त्याला उत्तर आलं, तर संगणकाची आतली व्यवस्था ठीक. दुसरी हाक घरातल्या राउटरला. तिथून ओ आली नाही, तर केबल, तिची खाच आणि मागचा मिणमिणता दिवा बघावा. तिसरी हाक दूरच्या एखाद्या संगणकाला, त्याच्या आकड्यानं. आणि चौथी हाक नावानं. कधी कधी आपल्या संगणकाचाच पत्ता १६९.२५४ नं सुरू झालेला दिसतो. विंडोज ९८ पासूनची ही खूण आहे. राउटरकडं पत्ता मागितला, तो मिळाला नाही, म्हणून संगणकानं तात्पुरता स्वतःच एक पत्ता धरला, असा तिचा अर्थ.

आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, असंही होतं. या दुखण्यालाही इतिहास आहे. अगदी सुरुवातीला जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत होती, आणि ती यादी स्टॅनफर्डच्या त्याच संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी सांभाळत. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, मग यादीत भर पडायची. संगणक वाढले तशी यादी सांभाळणं अशक्य झालं, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विखुरलेली व्यवस्था मांडली. तिलाच डीएनएस म्हणतात. नाव दिलं की ती आकडा शोधून देते. ती गप्प बसली की लोक म्हणतात, ‘नेट गेलं.’ खरं तर रस्ता जागेवरच असतो. गावाकडं जाणारी पाटी तेवढी पडलेली असते.

‘एकदा बंद करून चालू करा,’ हा सल्ला तर आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. तो ऐकला की आपल्याला वाटतं, समोरच्याला काही कळत नाही. पण या सल्ल्यालाही मोठी परंपरा आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट जवळजवळ चार तास ठप्प झालं. जाळ्यातले संगणक आपली खुशाली एकमेकांना कळवत असत. एका यंत्रातल्या सदोष भागामुळं अशाच एका निरोपाचे काही अंश गळाले आणि त्याच्या तीन आवृत्त्या तयार झाल्या. गंमत अशी, की अनुक्रमाच्या हिशेबानं पहिलीपेक्षा दुसरी नवी ठरे, दुसरीपेक्षा तिसरी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली. त्या तिघी जाळ्यात गरगर फिरत राहिल्या आणि दुसऱ्या कामाला जागाच उरली नाही. शेवटी यंत्रं नव्यानं सुरू करावी लागली. बंद करून चालू करणं म्हणजे यंत्राला जुनी कुरबूर विसरायला लावणं. माणसांना हे जमत नाही, म्हणून तर आमच्यासारख्यांचा धंदा चालतो.

आपल्या देशातली गोष्ट १९८६ पासून सुरू होते. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि मुंबईतलं एनसीएसटी हे राष्ट्रीय केंद्र होतं. पण ते अभ्यासकांचं जाळं. सामान्य माणसासाठी दार उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमनं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली.

त्या काळचा मोडेमचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, ते तो विसरणार नाहीत. आधी नंबर फिरवल्याचा आवाज, मग किंचाळी, मग घरघर, आणि एकदम शांतता. हा आवाज निरर्थक नव्हता. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ इतकेच सूर तिच्यातून जायचे. संगणकाचे आकडे तिच्यातून न्यायचे, तर त्यांना आवाजाचं रूप द्यावं लागे. दोन मोडेम आधी एकमेकांना विचारून घेत, की तुला किती वेगानं बोलता येतं, तार किती खरखरते, प्रतिध्वनी किती येतो. जमलं की शांतता, म्हणजे स्पीकर बंद आणि काम सुरू. १९९८ च्या मानकाप्रमाणं वरचा वेग सेकंदाला ५६ हजार अंशांचा, पण प्रत्यक्षात तेवढा सहसा मिळत नसे. आमच्या कोकणात तर पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी शिरलं की मोडेमची किंचाळी लांबत जायची, आणि नुसत्या आवाजावरून आम्ही ओळखायचो की आज काही खरं नाही. घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला, की संपला राबता!

२००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, आणि त्याच तारेवर बोलणं आणि इंटरनेट शेजारी शेजारी नांदू लागलं. दोघांना वेगळं ठेवणारी एक छोटी डबी असे, स्प्लिटर. ती नसली वा उलटी लावली, की फोन वाजला रे वाजला, इंटरनेट गेलं. आणि कधी दुखणं फारच लांबचं असे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रांगू लागलं. दोनच दिवसांनी दुबई आणि ओमानच्या दरम्यान आणखी एक केबल तुटली, आणि दुरुस्तीला गेलेल्यांना तिथं कित्येक टन वजनाचा एक बेवारशी नांगर सापडला. १८७० मधला शत्रू २००८ मध्येही हजर!

आता येतो मूळ प्रश्नाकडं. केबल ठीक आहे, दिवा लागतो आहे, आकड्याला ओ येते, नावालाही येते, आणि तरीही जुन्या संगणकावर एकही पान उघडत नाही. असं का व्हावं?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात २०२२ च्या पावसाळ्यात हेच झालं. विंडोज एक्सपीचा संगणक, सोळा वर्षांचा. ग्रंथपाल बाईंनी रोज संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर तासभर बसून, सहा वर्षं खपून, सगळ्या पुस्तकांची नोंद त्यात केलेली. कोणतं पुस्तक कोणी दिलं, कोणाच्या स्मरणार्थ दिलं, सगळं. कागदी नोंदवही वाळवीनं खाल्ली होती. दुसरी प्रत कुठंच नव्हती. बाईंना ती यादी जिल्ह्याला पाठवायची होती आणि इंटरनेट चालेना. बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा मी बोलावून आणला. त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, “चाचा, हा डबा भंगारात घाला. नवा घ्या.” बाई म्हणाल्या, “डबा घाल रे बाबा, पण आतली पुस्तकं कुठं घालू?”

पोरगा वरमला आणि मग मात्र नेटानं कामाला लागला. सगळ्या हाकांना ओ येत होती. शेवटी त्याचंच लक्ष पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेलं. तिथं तारीख होती १ जानेवारी २००२.

इथं जरा समजून घेऊ. संगणक बंद असतानाही त्याचं घड्याळ चालावं म्हणून आत नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. सीआर २०३२. तो काही वर्षांनी संपतो आणि संगणक आपल्या जन्मकाळात परत जातो. पूर्वी त्यानं फारसं बिघडत नसे. पण आता जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ आधी ओळखपत्र दाखवतं, आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. २००२ सालात बसलेल्या संगणकाला २०२२ चं ओळखपत्र दाखवलं, तर तो म्हणणार, हा दिवस अजून उजाडलेलाच नाही! आणि तो दार लावून घेतो.

सेल बदलला, तारीख लावली. काही पानं उघडली, बरीचशी नाही. कारण दुखण्याला आणखी दोन थर होते. ओळखपत्रावर सही करणारी जी वडीलधारी संस्था, तिचंही एक मूळ प्रमाणपत्र संगणकात आधीपासून ठेवलेलं असतं, आणि त्यालाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असं एक फार वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ज्यांची यादी ताजी नव्हती, अशी कितीतरी जुनी यंत्रं एका दिवसात पोरकी झाली. दुसरा थर गुप्तभाषेचा. जुने ब्राउझर ज्या पद्धतीनं निरोप कुलूपबंद करत, ती कच्ची ठरली आणि २०२० च्या सुमारास मोठ्या ब्राउझरांनी ती सोडली. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर तीच जुनी भाषा बोलत होता. पोरानं आपल्या दुकानातून फायरफॉक्सची एक्सपीवर चालणारी शेवटची, ५२ क्रमांकाची आवृत्ती पेन ड्राइव्हवर आणली. तिच्याकडं स्वतःची प्रमाणपत्रांची यादी असते आणि नवी गुप्तभाषाही येते. दार उघडलं.

पण उघडलेल्या दारात बसून राहणं शहाणपणाचं नव्हतं. एक्सपीची नियमित डागडुजी मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्यांना या म्हाताऱ्या यंत्रासाठी खास ठिगळ काढावं लागलं होतं. असा संगणक रोज इंटरनेटवर ठेवणं म्हणजे कडी नसलेल्या घरात झोपणं. म्हणून आम्ही आधी यादीच्या दोन प्रती काढल्या. मग आणखी एक अडचण. बाईंनी ती जुन्या फाँटमध्ये टंकली होती. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. तो फाँट नसलेल्या संगणकावर कुसुमाग्रजांचं नाव इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या सवयी उशिरा बदलल्या. मजकूर युनिकोडमध्ये फिरवला, जोडाक्षरं एकेक तपासली. चार संध्याकाळी गेल्या. यादी पोचली, आणि जुना संगणक इंटरनेटवरून काढून टेबलावर तसाच राहू दिला.

या सगळ्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या संगणकाचं सेलखेरीज काहीही बिघडलं नव्हतं. बदललं होतं ते बाहेरचं जग. आणि हेही नवं नाही. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटनं आपली जुनी बोली सोडून टीसीपी-आयपी ही आजची बोली घेतली. ज्यांनी तयारी केली नव्हती, ते त्या दिवशी तुटले. पण त्यांना आधी सावध केलं होतं. १९८२ मध्ये एक दिवस, मग पुढं दोन दिवस जुनी बोली मुद्दाम बंद ठेवून दाखवली होती. अवघे काहीशे संगणक, एकमेकांना ओळखणारी माणसं. त्यामुळं हे जमलं. आज मुदती ठरतात दूर कुठंतरी, आणि तालुक्याच्या वाचनालयाला ती बातमी मिळते थेट कोऱ्या पडद्यावर. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा निदान वर्तमानपत्रात छापून आलं होतं, लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या होत्या. जुन्या संगणकाला असा निरोपसमारंभ नसतो.

बदल थांबवा, असं मी म्हणत नाही. कच्चं कुलूप बदलायलाच हवं. पण कुलूप बदलताना घरात कोण आहे, हे विचारायला हवं. शाळांमधून, पतपेढ्यांमधून, निवृत्त मास्तरांच्या घरांतून असे कितीतरी संगणक अजून आहेत. त्यांत हिशेब आहेत, वंशावळी आहेत, जुन्या फाँटमधल्या कविता आहेत. त्यांचा राबता बंद झाला, की आतली माणसंही हळूहळू कोणाच्या आठवणीत राहत नाहीत.

म्हणून आज रविवार आहे, तर एक विनंती. घरात वा ओळखीच्या कुणाकडं असा जुना संगणक असेल, तर त्याच्यापुढं तासभर बसा. कोपऱ्यातली तारीख बघा. जवळून लांब अशा चार हाका मारा. इंटरनेट लागलं तर उत्तम, नाही लागलं तरी पेन ड्राइव्ह लावून आतलं बाहेर काढा, दोन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. आणि तो ज्याचा असेल, त्याला शेजारी बसवून घ्या. कोणती फाइल कशाची, हे यंत्राला विचारून कळत नाही. ते त्या माणसालाच ठाऊक असतं.